मंगलताईंनी नऊवारी कानांनी तपासली

मंडळी, नारायणगावातला आमचा पहिला प्रयोग मघाशीच संपला. तोंडावरचे बिबट्याचे ठिपके अजून पुसायचेत, पण हे आधी लिहिते.

आमच्या संगीत नाटकात एक बाई अंगाई चालू असताना स्टेजवरच बिबट्याची मादी होते. ती बाई मी. वरची शिवलेली नऊवारी गळून पडायची आणि आतला ठिपक्यांचा पोशाख दिसायचा.

सकाळच्या तालमीत नऊवारी सोडली, तर ती जोडणारा व्हेलक्रो असा चर्रर्र वाजला की अंगाई गाणारीच हसत सुटली. दुपारी प्रयोग!

आमचे कपडे निरगुडसरच्या मंगलताई शिवतात. त्यांनी सगळा व्हेलक्रो उसवला आणि एकाच लांब दोऱ्याने कच्चे टाके घातले. दोरा ओढला की शिवण सुटणार. म्हणजे दर प्रयोगाला पुन्हा शिवणं आलं. "शिवीन की राव," म्हणाल्या.

मग माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "आता वढ. मला बघायचं नाय, ऐकायचंय." जरा खरखर झाली की दोऱ्याला मेण चोळून परत टाके. शेवटी ओरडल्या, "अगं, वढ की!"

"ताई, केव्हाच ओढला!"

प्रयोगात नऊवारी गळली, अंगाईचा सूर जराही हलला नाही. लोकांच्या टाळ्याच टाळ्या. विंगेत बघते तर मंगलताई स्टेजकडे पाठ करून, कान लावून उभ्या!

पडदा पडल्यावर हळूच विचारतात, "दिसत कसा व्हता गं?"

कुणी त्या वेळचा व्हिडिओ काढलाय का? पाठवा ना. मंगलताईंना त्यांचा बिबट्या बघू दे.