सौ. व श्री.

मंडळी, सकाळी शिरूरच्या प्रेसमध्ये धाकट्या बहिणीच्या लग्नपत्रिकेचा नमुना हातात घेतला आणि डोकंच फिरलं. ‘आशिर्वाद’, ‘उपस्थीती’, ‘विनंति’! अहो, मंगलकार्याची पत्रिका आहे ही!

प्रेसवाला हसत म्हणतो, "दादा, पत्रिका वाचतंय कोण? तारीख आन् कार्यालय बघत्यात फक्त."

वाद घालून सगळ्या वेलांट्या दुरुस्त करायला लावल्या आणि नमुना घेऊन घरी आलो. आईला दाखवला. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. एका ओळीवर बोट थांबलं ते हलेचना.

‘सौ. व श्री.’ आणि पुढं आईचं आणि आण्णांचं नाव.

आण्णा पावसाळ्यात गेले. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून तर ही सगळी घाई चाललीय. प्रेसवाल्यानं माझ्या लग्नातला जुना मजकूर उचलला होता. आणि मी वेलांट्यांवरून भांडत बसलो, पण ही ओळ मला दिसलीच नाही.

मी फोन काढला. आई म्हणाली, "कर नीट. लोकांस्नी बरोबरच गेली पाहिजे. पण पहिली पत्रिका गणपतीला ठेवायची न्हवं? ती हीच ठेव."

उद्या ती चुकीची पत्रिका घेऊन रांजणगावला चाललोय. विद्येचा देव तो, चूक त्याला लगेच दिसेल. फक्त त्यानं ती दुरुस्त करू नये, एवढंच मागणार आहे.