नोटरीची फी मी वाचवली, त्याची गोष्ट

माझं नाव वसंत वानखडे. लखनौत मला या नावाने फारसं कोणी ओळखत नाही. त्याला कारण एका नोटरीची फी.

आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस. मी केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीच्या ऑफिसात होतो आणि तेलीबागेत आम्ही भाड्याने राहत होतो. दुसऱ्याच्या बिलात चूक काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरी मी तेच काम फुकट करायचो. (भाजीवाला मला लांबून पाहिलं की ठेला दुसऱ्या गल्लीत वळवायचा.)

अशात माझ्या बायकोला, संध्याला, मुलींच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. अकोला सोडल्यापासून ती याच दिवसाची वाट पाहत होती. हजर व्हायची मुदत होती दुपारी चारची. चुकली तर जागा वेटिंग लिस्टवालीला! अडचण एकच होती. बी.एड.च्या सर्टिफिकेटवर नाव होतं 'सुशीला गणपत टेंभुर्णे' आणि नेमणुकीच्या पत्रावर 'संध्या वसंत वानखडे'. लग्नात नवरीचं नाव बदलायची आपली पद्धत. मीही हौसेने तिचं पहिलं, मधलं, शेवटचं, सगळंच बदलून टाकलं होतं! आता या दोघी एकच आहेत असं हलफनामा, म्हणजे शपथपत्र, करून सांगायचं होतं.

कैसरबागच्या कचेरीत, कडुनिंबाखाली, सक्सेना वकील नोटरीचा शिक्का घेऊन बसायचे. बाजूला त्यांचे कारकून, मुंशीजी.

"पाँच मिनट का काम है," सक्सेनाजी म्हणाले. "दस रुपये."

शहाण्या माणसाने दिले असते.

"नोटरी की फ़ीस सरकार ने तय की हुई है," मी म्हणालो. "और रेट का बोर्ड सामने लगाना पड़ता है. कहाँ है बोर्ड?"

"अहो, द्या ना दहा रुपये," संध्या कुजबुजली.

"प्रश्न दहा रुपयांचा नाही. तत्त्वाचा आहे!" (खिशात हात घालायचा नसला की माणसाला तत्त्व आठवतं.)

"बोर्ड है, जनाब," सक्सेनाजी शांतपणे म्हणाले. "मुंशीजी, ज़रा उठिए."

मुंशीजी उठले. त्यांच्याखाली दोन विटा आणि विटांवर बोर्ड! फुंकर मारून वाचला. नियमातली फी दहाच्या निम्मीही नव्हती. मी विजयी मुद्रेने संध्याकडे पाहिलं. ती घड्याळाकडे पाहत होती.

सक्सेनाजी चिडले असते तर बरं झालं असतं. पण लखनौवाले भांडत नाहीत, अदबीने जीव घेतात. "आप बजा फ़रमाते हैं," ते म्हणाले. "फ़ीस क़ायदे की होगी. फिर काम भी क़ायदे से होगा." आणि त्यांनी चष्मा लावून सर्टिफिकेट वाचायला घेतलं.

"ये गणपत कौन हैं?"

"इनके पिताजी."

"और ये वसंत?"

"मैं."

"टेंभुर्णे?"

"इनका मायका."

"वानखडे?"

"हमारा खानदान."

सक्सेनाजींनी चष्मा काढला. "तो जनाब, इसमें इनका अपना क्या है?"

संध्या खुदकन हसली. मला काही त्यात हसण्यासारखं वाटलं नाही.

मग म्हणाले, या बाईंना दोन्ही नावांनी ओळखणारा साक्षीदार आणा. लखनौत असा कोण मिळणार? मला गजभिये काका आठवले. ते अमौसीला विमानतळावर नोकरीला होते, माझ्या सासऱ्यांचे अकोल्याचे जुने शेजारी, लग्नातही वाढायला उभे होते. फोन केला. बिचारे ड्युटी बदलून स्कूटरवर आले, तोवर तीन वाजत आले होते.

"इनको पहचानते हैं?" सक्सेनाजींनी विचारलं.

"हौ, काऊन नाही!" काका खूश होऊन म्हणाले. "ये हमारी बेबी है!"

"बेबी?"

"काका, सुशीला म्हणा, सुशीला!" मी घायकुतीला आलो.

"सुशीला कोन? आमी तं हिले लहानपनापासून बेबीच म्हनतो!"

सक्सेनाजींनी पेन खाली ठेवलं. "दो के लिए आए थे आप. अब तीन हो गईं. मैं शपथ किस-किस को दिलाऊँ?"

संध्या उठली. तिने सर्टिफिकेट उचललं आणि मला म्हणाली, "तुमचं तत्त्व घेऊन तुम्ही बसा इथं. काका, चला!" आणि काकांच्या स्कूटरवर मागे बसून निघूनही गेली.

मी रिक्षा करून शाळेत पोचलो. माझ्यापायी तिची नोकरी गेली असती तर मी तिला तोंड दाखवू शकलो नसतो, हे मला त्या रिक्षात पुरतं कळलं. पण संध्या फाटकातच उभी होती आणि हसत होती.

"प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, सर्टिफिकेट युनिव्हर्सिटीचं आहे, ते बदलायचं नाही. चिट्ठी तो हमारी है, अभी बदल देते हैं. मी हजर झाले. सुशीला गणपत टेंभुर्णे! एक पैसा लागला नाही. झालं ना तुमच्या मनासारखं?"

मला इतका आनंद झाला की मी रिक्षावाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही.

त्यानंतर ती सगळ्या तेलीबागेची 'टेंभुर्णे मॅडम' झाली. ओघानेच मी 'टेंभुर्णे साहब'! दूधवाला, पोस्टमन, घरमालक, सगळ्यांचा. पुढे नवं रेशनकार्ड आलं, त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून लिहिलं होतं 'वसंत टेंभुर्णे'. झालं! आता वसंत वानखडे आणि वसंत टेंभुर्णे हे एकच, असा हलफनामा मला हवा होता.

गेलो कैसरबागला. तोच कडुनिंब, तेच सक्सेनाजी. (त्यांची नात आता संध्याच्याच वर्गात शिकत होती.)

"आइए, आइए, टेंभुर्णे साहब!" ते उठून उभे राहिले. "बोर्ड देखेंगे? मुंशीजी को उठाऊँ?"

मी निमूटपणे सांगतील ती फी दिली. वर दोन रुपये मुंशीजींच्या हातावर ठेवले, बसून राहण्याचे.