पडणाऱ्याला झेलणारी

मे महिन्यात परळच्या एका कॉलेजच्या हॉस्टेलवर आमचं इंजिनीअरिंगचं निवासी शिबिर होतं. शेवटच्या दिवशी बांबूच्या काड्यांच्या मनोऱ्यांची स्पर्धा. वर वजनं चढवत जायची, सगळ्यात जास्त पेलेल तो मनोरा जिंकला. मात्र वजन चढल्यावर हात लावला की टीम बाद.

समोरच्या टीममधली ती मुलगी लालबागची, गोविंदा पथकातली, एवढंच मला ठाऊक होतं. अंगात पथकाचा विटलेला टी-शर्ट. सगळे वरच्या वजनाकडे बघत होते आणि ही जमिनीवर पालथी पडून मनोऱ्याच्या पायांशी ओरडत होती, "खालचे, दम धरा रे!" काड्यांना! आम्हाला हसू आवरेना.

पण त्यांचा मनोरा एकेक वजन घेत सगळ्यांच्या पुढे गेला. हॉलमध्ये नुसता गलका! तेवढ्यात तो कलला, आणि तिने झटकन उठून दोन्ही हातांनी सावरला.

"अगं, हात लावलास! बाद!" सर ओरडले.

तिच्या टीमने कपाळावर हात मारला. ती मनोरा तसाच धरून हसली. "सॉरी सर. कोणी पडताना नुसतं बघत राहायची सवयच नाही आमच्याकडे."

मग आमची पाळी. आता जिंकणार आम्हीच, फक्त गप्प उभं राहायचं होतं. ती पुन्हा जमिनीवर पालथी, या वेळी आमच्या काड्यांना धीर देत. वजनं चढली, मनोरा डोलायला लागला, आणि बघतो तर माझे दोन्ही हात मनोऱ्याला घट्ट धरून होते.