माझं पहिलं ‘नको’

आक्का, शुद्धलेखनाच्या चुका खूप होतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, रागावू नकोस. चौथीनंतर हातात पेन्सिल कमी आणि लाटणं जास्त राहिलं. पण हे फोनवर सांगता येणार नाही, शेजारी कुणी असलं की माझा आवाजच निघत नाही.

मी इकडे यायला निघाले तेव्हा तू जतच्या स्टँडवर आली होतीस. आईने ओटी भरली, पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबली आणि म्हणाली, “परक्या मुलखात हात चालता ठेव, तोंड बंद ठेव.” चार वर्षं तशीच वागले. ह्यांचं हॉटेलात तंदूरचं काम, माझं घर. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि ठीक आहे म्हणायला ग्रँड, तेवढं शिकले. पण आमच्या या किलकेनी गावाला समुद्र नाही. ह्यांना सुट्टी नाही. हा अख्खा देश म्हणजे एक बेट, तरी मी समुद्रात पाऊल घातलं नव्हतं, हसशील तू.

या उन्हाळ्यात इथल्या चार मराठी घरांनी इंग्लंडला जायचं ठरवलं, कॉर्नवॉल नावाच्या समुद्रकाठच्या भागात. पुढाकार शर्वरी मॅडमचा. त्या औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. वयाने माझ्याहून लहान, तरी त्या मला “अगं सुनंदा” आणि मी त्यांना “अहो मॅडम”. ह्यांना रजा मिळालीच नाही. तरी ह्यांनी खर्चातला माझा वाटा भरला, इंग्लंडच्या व्हिसाचे वेगळे भरले. म्हणाले, “मी नाही तर नाही, तू तरी पाण्यात उभी राहून ये.”

बोटीने गेलो, मग गाडीने. भाड्याचं घर सुंदर होतं, भांडी घासायच्या जागेसमोरच खिडकी आणि खिडकीत समुद्र. पहिल्या सकाळी सगळे बूट घालत होते. मॅडम म्हणाल्या, “सुनंदा, येतेस का गं? की थांबतेस? दुपारी सगळे भुकेले येतील, आणि तुझ्या पोळ्यांची सर कशाला नाही!”

मी म्हणाले, “नको, तुम्ही जा.”

आता तूच सांग. आपल्यात लगेच हो म्हणतात का? समोरच्याने “असं कसं, चल गं” म्हणायचं, मग आपण निघायचं. मी चपला हातात घेऊन उभी होते. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. कणीक कुठल्या प्रेसमध्ये आहे तेवढं सांगितलं. ते होडीतून सील प्राणी बघायला गेले. संध्याकाळी पोळ्या खाताना त्यांचं भांडण, तिथल्या स्कोन नावाच्या गोडसर पावावर आधी जॅम लावायचा की आधी साय. मी तव्यापाशी उभी.

तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी समुद्रातून चालत एका किल्ल्यावर जायचं होतं. तोच दिवस मी मनात धरून ठेवला होता. पण त्या दिवशी निघाली चतुर्थी. मॅडम म्हणाल्या, “मोदक तुझ्याशिवाय कुणाला जमणार? आम्ही पटकन जाऊन येतो.” ते आले तोवर पाणी चढून वाट बुडाली होती. मॅडमनी मोदकांचं ताट खिडकीत ठेवून मागे समुद्र घेऊन फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, टीमवर्क.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “कसा होता?” मी खरं ते सांगितलं, बोटीतून दिसला आणि खिडकीतून दिसला.  हे म्हणाले, “जाऊ दे, आपली माणसं आहेत.” आक्का, त्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

शेजारी मॉरीन म्हातारी राहते. मी तिच्याकडे गेले की ती चहा विचारते. मी नको म्हणते. ती ऐकतच नाही, “घेशील गं” अशा अर्थाचं काहीतरी म्हणत किटली लावते. तिला मराठीचा एक शब्द येत नाही, पण माझं नको तिला कळतं. आणि पुण्याच्या मॅडमना कळू नये? पाहुण्याच्या ताटात चौथा मोदक बळेच घालताना तर बरोबर कळतं!

मी मॅडमच्या दारी गेले.  म्हणाले, “माझा वाटा परत द्या.”

“अगं, तूच नको म्हणालीस ना?”

“एकदा म्हणाले.”

“आम्ही तुला घरचीच समजतो गं.”

“घरची, तर वाटा का घेतलात? आणि वाटा घेतलात, तर चुलीपाशी का ठेवलीत?”

एवढं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यांनी बोटीचे आणि राहण्याचे कापून उरलेले पैसे पाकिटात घालून पाठवले. मी ते पाकीट तसंच परत केलं.

तू नेहमी विचारतेस, आता घर कुठलं वाटतं, तिकडचं की इकडचं. पूर्वी मी जत म्हणायचे. आता वाटतं, माझं पहिलं नको जिथे कुणी खरं धरत नाही, ते घर. तसं दार इथे एक आहे, तेही मॉरीनचं. याचं वाईट वाटून घ्यावं की बरं, ते मला अजून ठरवता येत नाही.

काल मॅडमचे यजमान आले. मान खाली होती. बोटीचे, राहण्याचे, सगळे धरून आणले होते. “मोजून घ्या वहिनी,” म्हणाले, सहज म्हणतात तसं. मी दारातच, त्यांच्यासमोर, एकेक नोट मोजली. पूर्ण होते.