उत्तरेच्या भिंतीजवळची ऊब

माझ्या माहेरी कुणाच्या अंगात आलं की मी थर्मामीटर घेऊन पुढे व्हायची. नंतर सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये झाली. भुतंखेतं, दृष्ट असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे मी लिहितेय यावर आमच्या घरातच कुणाचा विश्वास बसत नाहीये. पण गेल्या मार्चपासून मला स्वस्थ बसवत नाही... कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय.

रिटायर झाल्यावर आम्ही इथे कॅनडातच एडमंटन सोडून मुलीजवळ मिल्टनला आलो. नवीकोरी वस्ती. "या रस्त्यावर मीनाहून जुनं काहीच नाही," असं श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, माझ्याकडे बोट दाखवत येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. म्हणूनच की काय, जवळच्या एका गावातल्या बंद पडलेल्या शाळेचा इतिहास गोळा करायला माणसं हवीत अशी सूचना लायब्ररीत दिसली, तशी मी लगेच नाव दिलं.

एका खोलीची लाकडी शाळा. बंद झाल्यावर एका शेतकऱ्याने तिथे वर्षानुवर्षं सामान ठेवलं होतं. आता रस्ता रुंद होणार, म्हणून इमारत उचलून पार्कात न्यायची ठरली होती. जमिनीच्या फळ्या मात्र कुजलेल्या... त्या तिथेच मोडायच्या आणि खालच्या मातीवर बुलडोझर फिरवायचा.

त्या शाळेत शिकलेली एकच बाई आता गावात उरली आहे. रूथ. नव्वदी ओलांडलेली, नर्सिंग होममध्ये असते. तिच्या आठवणी रेकॉर्ड करायला मी गेले, तर फोन समोर ठेवायच्या आधीच तिने माझा हात धरला. (ती अर्थातच इंग्रजीत बोलत होती, मी आपलं मराठीत सांगते.)

"शाळेच्या फळ्यांखाली माझ्या बहिणीचं बटण आहे. मला ते हवंय."

थोरली बहीण मार्गरेट. तिच्या कोटाचं निळं काचेचं बटण, त्यावर कोरलेली चांदणी. एका हिवाळ्यात ते शाळेत तुटलं आणि फटीतून खाली गेलं. "उन्हाळ्यात काढू," असं मार्गरेट हसत म्हणाली होती. पण उन्हाळा यायच्या आत ती न्यूमोनियाने गेली. पुढे घरही जळालं. रूथकडे बहिणीचा साधा फोटोसुद्धा नाही.

"तुम्ही बसायचात कुठे?" मी विचारलं.

"जिथे ऊब होती तिथे." पुन्हा पुन्हा विचारलं तरी एवढंच.

ऊब म्हणजे वर्ग तापवायचा लाकडांचा स्टोव्ह, आणखी काय! धुराड्याच्या भोकावरून स्टोव्हची जागा कळत होती. ग्लेन आमच्या प्रोजेक्टचा प्रमुख. आयुष्यभर स्कूल बस चालवली, त्यामुळे आम्हा म्हाताऱ्यांनाही तो शाळेतल्या पोरांसारखंच दरडावतो. त्याने स्टोव्हच्या आजूबाजूच्या फळ्या उचलल्या आणि आम्ही खालची माती माझ्या रव्याच्या चाळणीने चाळली. खिळे निघाले, पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे निघाले, एक गोटी निघाली. बटण काही निघालं नाही. "आँटीला हल्ली काहीही आठवतं, तुम्ही मनावर घेऊ नका," असं रूथच्या भाचीने मला समजावलं, तेव्हा मला खरंच राग आला. त्या म्हातारीने दुसरं काही मागितलं होतं का?

सोमवारी मशीन येणार होतं. शनिवारी दुपारी ग्लेन, मी आणि मदतीला श्रीकांत असे आम्ही शेवटचं सामान काढायला गेलो. आभाळ गच्च भरलेलं, वीज कधीच तोडलेली, आत हाडं गोठवणारी थंडी.

आता मला एक खोड आहे. शाळेत पायताण घालून शिरणं मला जमत नाही. आमच्या शाळेत वर्गाबाहेर चपलांची रांग असायची, आत सरस्वतीची तसबीर. इथे पहिल्याच दिवशी मी बूट काढले, तर ग्लेन केवढा ओरडला — खिळे आहेत, सेफ्टी आहे, वगैरे. तेव्हापासून मी मुकाट बूट घालून वावरत होते. पण शेवटच्या दिवशी शाळेचा निरोप घ्यायचा तो काय बूट घालून? मी दारातच ते काढले, उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला आणि लोकरी मोज्यांवर आत गेले.

"अगं, टिटॅनसचा शॉट घेतलायस का?" श्रीकांत मागून म्हणाला. मी लक्ष दिलं नाही.

फळ्या बर्फासारख्या गार. मी स्टोव्हच्या जागेवरून पुढे गेले, खिडकीपाशी थांबले, मग लांबच्या कोपऱ्यात उत्तरेच्या भिंतीकडे वळले... आणि पाय थबकला.

तिथे ऊब होती.

नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या खुर्चीत बसावं, तशी. एखादं लहान मूल मांडी घालून बसेल एवढीच जागा. बोटभर पलीकडे पाय ठेवला की पुन्हा बर्फ.

मी श्रीकांतला हाक मारली. तो गाडीतून इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन आला. दर हिवाळ्यात घरात गार वारा कुठून येतो ते तो त्याने शोधतो. त्याने सगळीकडे रोखून पाहिलं. "सगळीकडे सेम रीडिंग आहे, मीना. तुझे पाय बधिर झालेत."

"बूट काढ आणि ये."

कुरकुरत आला. उभा राहिला. मग थर्मामीटर खिशात टाकला, एक पाय बाहेर ठेवून पाहिला आणि पुन्हा आत घेतला. शेवटी ग्लेनही सेफ्टी बूट काढून मोज्यांवर आला. उभा राहिला, वाकून तळहात टेकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहार आण."

फळी निघाली. मी माती चाळणीत ओढली. घाईत निम्मी माती बाहेरच सांडली... आणि चाळणीत निळं काहीतरी चमकलं. थुंकी लावून बोटाने पुसलं, तर चांदणी.

मी त्या थंडीत अक्षरशः नाचले. ग्लेनने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला. उचललेल्या फळीला मी पुन्हा हात लावला, तर ती इतर फळ्यांसारखीच गार पडलेली.

तसेच मातीच्या हातांनी आम्ही नर्सिंग होमला गेलो. रूथने बटण मुठीत धरलं आणि किती तरी वेळ मूठ उघडली नाही. मला मात्र धीर निघेना.

"रूथ, बटण स्टोव्हपाशी नव्हतं. लांब, उत्तरेच्या भिंतीजवळ होतं."

"हो ना," ती अगदी सहज म्हणाली. "स्टोव्हजवळ मोठी मुलं बसायची. आम्ही त्या कोपऱ्यात, सगळ्यात गार जागा ती."

"मग तू तर म्हणालीस, ऊब..."

"मार्गरेट धावत पुढे जायची आणि माझ्या जागेवर बसून राहायची. मी पोचले की उठून बाजूला सरकायची. मला कधी गार जागेवर बसू दिलं नाही तिने."

मी रूथच्या पलंगाच्या कडेवर बसले आणि रडले, आणि ते मला लपवावंसंही वाटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाय बधिर झाले असतील. तिघांचे? एकाच जागी? थर्मामीटर काही दाखवत नसताना? मी लॅबमध्ये आयुष्य काढलेली बाई आहे, हे सगळे प्रश्न मी स्वतःला विचारून झालेत. एवढंच खरं, की इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या कोपऱ्यात अजून रूथची जागा ऊबदार ठेवून बसलं होतं, आणि बटण हाती लागल्यावरच तिथून उठलं.