दोन गावांच्या मधला कागद

"कागद कोनाले पाहिजे?"

दफ्तरखान्याच्या उंबऱ्यावर उभे राहून कोणताही कागद मागा, बाबाजींचा पहिला सवाल हाच. कोणता कागद, कोणत्या सालचा, हे मागाहून. आधी माणूस. माणूस कळला की त्याच्या घरचे विचारणार, म्हैस व्याली का विचारणार, आणि मग "जाईन कुठी? अथीच असन," म्हणत आत शिरणार. तुमच्या तोंडातला विडा संपायच्या आत कागद तुमच्या हातात.

वाचकहो, तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. त्याला तुम्ही अरेतुरे करीत असाल. आमच्या अमरावतीच्या कचेरीत बाबाजींना सगळे करीत. मी करीत नसे, पण तेवढ्याने मी चांगला ठरत नाही, हे पुढे कळेलच.

बाबाजी दफ्तरी होते. दफ्तरी म्हणजे रुमालांचा राखणदार. चौकोनी फडक्यात एकेका गावचे कागद बांधायचे, त्या गाठोड्याला आम्ही रुमाल म्हणतो. असे शेकडो रुमाल फळ्यांवर रचलेले, आणि एकावरही अक्षर नाही. अक्षर असून उपयोग नव्हता, कारण बाबाजींना वाचता येत नव्हते. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या अमलात, त्यांनी पायी डाक वाहिली होती. वऱ्हाडातली वाट न् वाट त्यांच्या पोटऱ्यांना पाठ होती, आणि दफ्तरखाना त्यांनी त्या वाटांसारखाच लावला होता.

दार म्हणजे अमरावती. उजव्या भिंतीने गेले की बडनेरा. डावीकडे वलगाव, मग आसेगाव, आणि मध्ये फळीवर वीतभर रिकामी जागा. मी एकदा विचारले, "बाबाजी, इथं काहीच कसं नाही?"

"पूर्णा हाय ना बाप्पा. नदीत कागद ठेवू काय?"

समोरच्या भिंतीला तिवसा, त्याच्या पुढे कुऱ्हा, आणि कोपऱ्यात कौंडण्यपूर. तिथवर पोचले की ते रुमालांना हात जोडीत. एका ठिकाणी मात्र वाट चुकलेली दिसली. शेजारच्या दोन गावांच्या मधोमध तिसऱ्याच गावचा रुमाल.

"त्या दोन पाटलाईचं जमत नाय," बाबाजी म्हणाले. "एकमेकाचं तोंड पाहत नाईत. बाजूले कसे ठेवू? थो मधातला गरीब हाय, थो सांभाळून घेते."

हे ऐकून मी हसलो. आणि घरी जाऊन रागाने चोपडी लिहिली.

मला चोपड्या लिहिण्याचे वेड आहे. शिळाछापावर छापून बाजाराच्या दिवशी वाटतो. त्या चोपडीत मी लिहिले की सरकार एका माणसाच्या डोक्यात राहता कामा नये. तो आजारी पडला तर रयतेने कुठे जावे? हे मला आजही खरे वाटते. खरे वाटते म्हणूनच संताप येतो.

पुढे तसेच घडले. ते कापसाचे दिवस. विलायतेत कापसाची मागणी वाढलेली, जो तो गायरानापर्यंत नांगर घालून राहिलेला. हद्दींचे तंटे रोज दारात. आमच्या गोऱ्या साहेबाच्या टेबलावर तार येई, आणि तारेचे उत्तर जितक्या लवकर येते तितक्या लवकर कागदही यावा, असे साहेबाला वाटू लागले. अशात कार्तिकात बाबाजी कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले. चार दिवस कचेरी आंधळी. साहेबाने एक नकाशा मागितला. शिरस्तेदारसाहेब, म्हणजे आम्हा कारकुनांचे मुख्य, स्वतः दफ्तरखान्यात शिरले आणि दुपारी पांढऱ्या पागोट्याचे मातकट पागोटे करून बाहेर आले. नकाशा नाही.

पाचव्या दिवशी बाबाजी प्रसाद घेऊन आले. शिरस्तेदारांच्या हातावर चिरमुरे ठेवले, आत गेले, नकाशा घेऊन आले.

"जाईन कुठी?" ते म्हणाले.

शिरस्तेदारांनी चिरमुरे खाल्ले नाहीत. त्यांनी मला बोलावले. "तुमची ती चोपडी वाचली आम्ही. नुसतं लिहिता, का करूनही दाखवता?"

करून दाखवतो, म्हणालो. पंचविशीही न गाठलेल्या माणसाला याहून मोठे आमिष नसते.

मुंबईहून छापील रकान्यांचे जाडजूड बुक आले. गावाचे नाव, कागदाचा विषय, साल, अनुक्रम. गावे अकारविल्हे, म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत. योजना साधी होती. बाबाजींनी सांगायचे, मी लिहायचे. बुक पुरे झाले की कोणताही कारकून कोणताही कागद काढील.

बाबाजींना केवढा आनंद! रोज सकाळी ते धुतलेले धोतर नेसून येत. "माह्या डोक्यातलं आता छापाच्या बुकात जाऊन राह्यलं," असे पट्टेवाल्याला सांगत. पट्टेवाला म्हणे, "जप बाबाजी, डोकं हलकं झालं तं वाऱ्यानं उडून जाशीन." बाबाजी सगळ्यांच्या आधी हसत.

एकेक रुमाल सोडायचे, कागद हातात घ्यायचे, घडी चाचपायची, आणि सांगायचे. अक्षर एक कळत नसताना! "हा विहिरीचा. थे बाई रडे, तिचा. याच्यावर पान्याचा डाग हाय पाहा, बारशाच्या दिवशी पडला थो." मी रकान्यात लिही: 'विहीर. हक्क.' बारशाला रकाना नव्हता.

एकदा मी सारे वाचून दाखवले तेव्हा ते दचकले. "बडनेऱ्याच्या बाजूले ब्राह्मणवाडा? मधातली वाट कुठी गेली मंग? दिवसभर चालाव तवा पोचते मानूस!"

"बुकात वाट नसते, बाबाजी. बुकात अक्षर असतं."

"बुकात असू द्या बाप्पा," ते मोठ्या मनाने म्हणाले. "खोलीत तं वाटच राहीन ना?"

मी हो म्हणालो. मला तेव्हा खरेच तसे वाटत होते.

अडचण एकाच जातीच्या कागदांची झाली. ते कोणत्याच रुमालात नव्हते, दोन रुमालांच्या मध्ये उभे खुपसलेले होते.

"हा कोणत्या गावचा?"

"कोन्याच नाय. दोघाईच्या मधातला. शिवेवरच्या गाडवाटेचा. दोनी गावानं मिळून अंगठे देल्ले हायेत."

"एक गाव सांगा. रकाना एकच आहे."

"एक सांगतलं तं दुसरा भांडन."

मी कंटाळलो होतो. अशा सगळ्या कागदांना मी 'किरकोळ' लिहिले आणि पुढे गेलो. वाचकहो, हा शब्द माझा आहे. साहेबाचा नाही, शिरस्तेदारांचा नाही.

थोडीच गावे उरली तेव्हा शिरस्तेदार सहज बोलावे तसे बोलले. "बुक झालं की दफ्तरी नको. साहेबांनी ठरवलंय. तुमचंच यश म्हणायचं."

मी तडक उठलो. बाबाजी कचेरीमागच्या कडुलिंबाखाली भाकर खात होते. मला गोड बोलता येत नाही. सरळ सांगितले.

"बाबाजी, बुक संपलं की तुम्हाला काढणार आहेत."

त्यांनी घास खाली ठेवला. "कोन म्हनते?"

"शिरस्तेदार."

"अन् मी काय चुकलो?"

मी युक्ती सांगितली. "उरलेली गावं सांगू नका. विसरलो म्हणा. बुक अर्धं राहील, तुमची गरज राहील."

"हे तं लपवनं झालं."

"तुमच्या डोक्यातलं आहे. तुमचं आहे ते!"

"माह्यं कावून? गावाचं हाय." मग उरलेली भाकर फडक्यात बांधली. "तरी तुमी म्हनता तं पाहतो. तुमी शिकेल हा."

दोन गावे त्यांनी लपवली. मी बुकात जागा कोरी सोडली आणि मनात जिंकलो. तीन दिवसांनी ते माझ्या बैठकीशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"थे दोन गावं लिवून घ्या भाऊ. घास उतरत नाय. उद्या मी मेलो तं त्या लोकाईनं कोनाले इचाराव?"

म्हणजे माझ्याच चोपडीतले वाक्य. ते त्यांनी वाचले नव्हते, वाचणे शक्यच नव्हते. मी लिहून घेतले. दुसरे काय करणार होतो, सांगा.

पुढे मी त्यांच्यासाठी तीन अर्ज लिहिले. इतके चांगले अर्ज मी पुन्हा लिहिले नाहीत. तिन्हींवर एकच शेरा आला: नवे बुक समाधानकारक असल्यामुळे दफ्तरीची आवश्यकता दिसत नाही. साहेबाने माझी पाठ थोपटली, बुक उघडून माझ्या अक्षराची तारीफ केली. मी बाबाजींची बाजू मांडायला तोंड उघडले की समोर माझेच बुक उभे. त्याच्यात चूक काढू म्हटले तर ती मलाच काढावी लागली असती, आणि मला तेव्हा एकही दिसत नव्हती.

शेवटच्या दिवशी बाबाजींनी दफ्तरखाना झाडला, रुमालांत लिंबाचा ताजा पाला घातला, किल्ली दिली. अकोल्याला लेकीकडे जातो म्हणाले. पट्टेवाल्याने थट्टा केली नाही.

ते गेल्यावर आठ दिवसांत खोली मोडली. सुताराने अक्षरवारीने कप्प्यांची कपाटे केली. सगळे रुमाल सोडून, छापील चिठ्ठ्या लावून, नव्याने बांधले. जुन्या फळ्या एका गाडीवाल्याने उचलल्या. तेव्हा कापसाच्या गाड्यांना लाकूड मिळत नव्हते. पूर्णेची रिकामी जागाही गेली. बुक मात्र चालले, खोटे कशाला बोलू. नवशिका कारकूनसुद्धा कागद काढू लागला. रयतेला थांबावे लागेना. माझ्याच चोपडीप्रमाणे सगळे झाले.

आणि मग साहेबाने एका शिवेवरच्या गाडवाटेचा कागद मागितला. कुऱ्ह्यापलीकडच्या दोन गावांमधली वाट कोणी कापसासाठी नांगरली होती. बुकात नोंद होती, माझ्या सुंदर अक्षरात: किरकोळ. किरकोळ नावाचा रुमाल नव्हताच. खोली मोडताना ते सुटे कागद कोणी कुठे कोंबले, कोणाला माहीत नाही.

शिरस्तेदार म्हणाले, "अकोल्याला जाऊन म्हाताऱ्याला विचारा. कागद सापडला तर त्याला परत घ्यायचं बघू. साहेबांशी मी बोलतो."

मी त्याच दिवशी बैलांची दमणी जोडली. वाटभर मनात चोपडी लिहीत गेलो.

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एका बोळात त्यांच्या लेकीचे घर. ती दारातच भेटली. "आता आठवन आली काय कचेरीले? बुढा दिसभर ओसरीत बसून रायते. रस्त्यानं जानाऱ्याले गाव इचारते, वाट इचारते. लोक हासतेत."

"कोन हाय वं?" आतून आवाज आला. मला पाहिले तसे बाबाजी धडपडत उठले. वाळले होते. मी हकिकत सांगितली. शिरस्तेदार काय म्हणाले तेही सांगितले. तेवढे सांगायला नको होते.

"परत घेतेत?" लेकीकडे वळून म्हणाले, "आयकलं काय वं? माह्यं धोतर धुवून ठेव."

"पहिले कागद तं सापडू द्या, बाबा."

"थो काय हरपला हाय? लिवा भाऊ, लिवा."

मी त्यांना सांगणार होतो की खोली मोडली. वाटेत वाक्यही जुळवले होते. चोपडीत मी साहेबालाही सोडत नाही, आणि त्या ओसरीवर एका म्हाताऱ्यापुढे मला एक वाक्य बोलता आले नाही. दौत काढली, कागद मांडीवर घेतला.

बाबाजी सांगू लागले, न अडखळता, समोर पाहत. समोर बोळातली भिंत होती. समोरच्या भिंतीनं जा. तिवसा सोडा, कुऱ्हा सोडा. पुढे निळ्या काठाचा रुमाल, त्याच्या बाजूला पांढरा. त्या दोहोंच्या मधात बोट घाला. उभा कागद लागेल, जाड, कोपरा दुमडलेला. खालून चवथ्या फळीवर.

मी शब्द न् शब्द लिहिला.

"वाचा बरं," ते म्हणाले.

मी वाचला. ते मान डोलवीत ऐकत होते. शेवटाला आलो तसा त्यांनी हात वर केला.

"चवथी नाय भाऊ. पाचवी. माह्यीच चूक झाली. पक्कं करून घ्या, नाय तं कचेरीत सापडनार नाय तुमाले."

मी चवथी खोडली, वर पाचवी लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत आम्ही दोघेही त्या कागदाकडे बघत बसलो.