मामांनी बोटीचे खांदे मळले

जगात निर्जीव म्हणून काही वस्तू असतात, हे माझ्या बायकोच्या मामांना आजतागायत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. फ्रिज उघडण्याआधी ते दारावर दोन बोटं वाजवतात. एसटीतून उतरले की तिच्या अंगावर थाप मारतात, मग ती बिलोलीपर्यंत नीट आलेली असो की वाटेत तीनदा बंद पडलेली. एकदा विहिरीवरची मोटार चालू होईना म्हणून मी मेकॅनिकला फोन लावायला गेलो, तर मामांनी माझा हात धरला. "राहू द्या जावईबापू, काल लई वढलंय तिनं. आज बसू द्या जरा." संध्याकाळी मोटार आपोआप चालू झाली. दिवसभर वीजच नव्हती, हे मी सांगून पाहिलं. "तेच तर म्हणून राहिलो की मी," मामा म्हणाले. आता अशा माणसाशी वाद घालायचा तरी कुठून!

त्यांचं गाव बिलोली तालुक्यातलं, नदीकाठचं. नदी फुगली की पाणी उलटं ओढ्यात शिरतं आणि गावाचा एकुलता एक रस्ता बुडतो, म्हणून तहसीलनं गावाला फायबरची एक बोट दिलेली. दोन पावसाळ्यांमागं मामींच्या छातीत कळ आली, तेव्हा रस्ता पाण्याखाली होता. याच बोटीतून त्यांना पलीकडं नेलं आणि मामी वाचल्या. बोट मात्र ग्रामपंचायतीमागच्या चिंचेखाली जी उघडी पडली, ती पडलीच. तिच्यात पाऊस साचला, पाला कुजला, कोंबड्यांनी अंडी घातली, कुणाचीशी शेळीही व्यायली. आणि या श्रावणात तहसीलचं पत्र आलं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येतील, बोटीची निगा राखलेली नसेल तर ती उचलून दुसऱ्या गावाला देण्यात येईल. शेजारच्या दोन गावांच्या बोटी अशाच गेल्या होत्या. सरपंच म्हणाले, जाऊ द्या, कुठं रोज लागती? मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "ताकापुरती आजी केली की हो आपण तिची," एवढंच म्हणाले.

मी नांदेडला बँकेत असतो आणि रविवार हा माझा झोपण्याचा वार. श्रावणातले सगळे रविवार त्या बोटीनं खाल्ले. पाला उपसला तर खाली चिखल, चिखलाखाली शेवाळ, शेवाळाखाली काळी बुरशी! मामांनी पितळेच्या घागरीचा इलाज काढला, चिंच आणि राख. बोटीच्या नाकाच्या दोन्ही बाजू त्यांनी अशा घासल्या की बुरशी गेली आणि तिच्या मागोमाग फायबरची चकाकीही गेली. मग मी नांदेडच्या एका दुकानात विचारून आलो. राख बंद, व्हिनेगरचं पाणी मारायचं, बुरशी मरू द्यायची आणि मऊ फडक्यानं पुसायचं. मामांनी बाटलीचा वास घेतला. "हे तिला झोंबल की!" म्हणून आधी स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं. नंतर लेकराला न्हाऊ घालावं तसं, "झालं गं बाई, झालं, एवढी कड राहिली," असं पुटपुटत ते तिला पुसत बसले. हे बघून मामी कडाडल्या, "चाळीस वर्सांत माजं डोकं दुखलं तर हात लावला न्हाई या माणसानं!"

"पर तुला पलीकडं कुणी नेलं?" मामा मान वर न करता म्हणाले.

पुढच्या रविवारी मामी आपलं जुनं सुती लुगडं फाडून त्याची फडकी घेऊन आल्या. "हे मऊ हाय," म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसून घासायला लागल्या.

पोळ्याला पुरणपोळी खायला गेलो, तोवर बोट बगळ्यासारखी पांढरी झालेली असणार या खुशीत होतो. बघतो तर नाकाच्या दोन्ही बाजूंना हातभर पिवळेजर्द पट्टे! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवसाचं जेवायचं आवतण देतात. मामांनी ते सगळं बोटीला केलं होतं. राखेनं खरवडलेल्या त्या जागेत हळद पार मुरली होती.

"मामा, अहो ही बोट आहे! उद्या साहेब येणार आहेत!" मी ओरडलोच.

"जी कामाला जुंपती, ती बैलच की," मामा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी साबण लावला, तर हळद लालभडक झाली. "घ्या, कुंकूबी झालं," मामी म्हणाल्या. लिंबू चोळला, तर परत पिवळी. दुपार टळेपर्यंत हाच खेळ चालला. शेवटी मामा दगडावर मटकन बसले. "माज्याच हातानं घालवली हो मी तिला."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. कपाळावरची आठी घरूनच घालून आलेले. त्यांनी बोटीत बोट फिरवून पाहिलं, स्वच्छ. कडा पाहिल्या, तळ पाहिला आणि नाकाशी येऊन थांबले. "हे काय आहे?"

"गंज हाय साहेब," सरपंच घाईघाईनं म्हणाले.

"फायबरला गंज?" साहेब वाकले आणि त्यांनी वास घेतला. मग त्यांनी पिवळ्या पट्ट्यावर तळहात ठेवला. वळले ते सरळ हळदीनं पिवळ्या हातांच्या मामांकडं. "बैल कधी विकले, काका?"

मामांचा हात बोटीच्या कडेवर गेला. "मागल्या साली," ते कसेबसे म्हणाले. "गुडघे ऐकंनात. वैरण-पाणी व्हईना माज्यानं."

साहेबांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, 'निगा उत्तम. बोट गावातच ठेवावी.'

बैल विकल्याचं मला माहीत होतं. मामांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं आणि मी म्हणालो होतो, "बरं झालं, कटकट गेली." मला माझीच लाज वाटली.

निघताना मामा फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी समोर दिसली, तेव्हा म्हणाले, "पुढल्या पोळ्याला आदल्या दिशीच या जावईबापू. दोन खांदे असत्यात. एकट्याला लई जड जातंय."

मी नुसतंच "येतो" म्हणालो.